चित्रातल्या गाईंचा पोळा

आई, आज ऐन पोळ्याच्या दिवशी तुझा नातू पुण्याहून एका तज्ज्ञाला घेऊन आला आणि मी दोघांनाही चहा न विचारता वाटेला लावलं. तज्ज्ञ म्हणे! बैठकीतल्या विलायती चित्राला भिंग लावून म्हणतो, "व्हिक्टोरियन काम आहे, मावशी. पुढच्या गाईच्या कपाळावरचा लाल डाग तेवढा काढून देतो." डाग!

अण्णांनी ते चित्र अकोल्याहून आणलं, तेव्हा इंग्रज जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. कापसाच्या धंद्यातला कुणी साहेब उशिरा का होईना बंगला रिकामा करून गेला, आणि आमचे वडील, वकीलसाहेब, त्याच्या गाई घेऊन अमरावतीच्या गाडीत बसले. हिरवं कुरण, ओढा, पुढे लठ्ठ तांबडी गाय, मागे झाडाखाली एक पांढरी. तुला हवं होतं शिवणयंत्र. दारातच तू विचारलंस, "आणल्या गाई? आता दूध कोण काढते?"

आणि त्या वर्षीच्या पोळ्याला बघते तर तू टाचा उंचावून, ओल्या बोटानं त्या तांबडीला कुंकू लावते आहेस. खाली पुरणपोळीचं ताट. मी कॉन्व्हेंटात नववीला, तावातावानं सांगते, "आई, तैलचित्राला ओला हात लावत नाहीत!"

"कावून? तुह्या सिस्टरच्या गाई आहेत का?"

वलगावहून आलेले काका हसून हसून बेजार. "वहिनी, पोळा बैलायचा असते. ह्या तं गाई व्हय!"

शेताचं तोंड न पाहिलेली तू क्षणभर गोंधळतेस, पण मागे हटणारी थोडीच. "मंग? सणाच्या दिवशी घरच्या जनावराले तसंच ठेवू का, भाऊजी?"

दरवर्षी तेच. तुझा हात तांबडीपर्यंतच पोचायचा. मागची पांढरी का राहिली, असं मी मुद्दाम खोचकपणे विचारलं, तर म्हणालीस, "राहू दे तिले. चरून राह्यली ते."

तज्ज्ञाला मी सिस्टरांच्या ठसक्यात, अस्खलित इंग्रजीत सुनावलं, की या चित्राला हात लागणार नाही. तुझ्या नातवालाही बजावलं, माझ्या मागेसुद्धा नाही.

हा कागद टपालात पडायचा नाही, म्हणून सांगते. तू गेल्यापासून त्या गाईंना कुणी कुंकू लावलं नव्हतं. आज ते दोघे गेल्यावर मी लावलं. तुझ्याहून मी उंच. झाडाखालच्या पांढरीपर्यंत हात सहज पोचला. बोट मात्र आधी पदराला कोरडं पुसून घेतलं.