ओवीची हाक

मंगळवार, ४ नोव्हेंबर
बारामतीहून परत. कळसला पोचेस्तोवर तीन वाजले, ओवी एसटीत झोपली. तिथल्या थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, आठवडाभर काहीच बदलायचं नाही. ओवी मनगटाला चावली की कागदावर रेघ मारायची. आधी काय झालं, नंतर आपण काय केलं, ते शेजारी लिहायचं. लेक स्वतःला चावणार आणि आईनं रेघ मारायची. मान डोलावली, दुसरं काय करणार.
सहा वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही. मनगटावर घट्टा पडलाय.

शुक्र, ७ नोव्हें.
लिहिल्यावर दिसतंय खरं. मी पाठ करून पेरूंना फोमची जाळी चढवत असते. ओ. चावते. मी धावते, अगं बाळा करते, मनगट चोळते, ती थांबते. दर वेळी हेच. सासऱ्यांनी, आबांनी, चष्मा लावून कागद वाचला. "ही चावतीया कुठली, तुला बोलावतीया."
इतक्या वर्षांत मला कळलं नाही. राग आला. आबांचा नव्हे.

मंगळ, ११ नोव्हें.
मॅडमचंही तेच म्हणणं. आता दोन कामं, बरोबरीनं करायची. चावली की तोंडाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, फार जोर केला तर मुकाट्यानं हात बाजूला करायचा. आणि चावण्याऐवजी नवी हाक शिकवायची: तिनं माझ्या दंडावर हात ठेवला की मी लगेच वळायचं. त्यासाठी तिच्या मागं एक माणूस हवं, तिचा हात धरून माझ्या दंडावर ठेवायला. ते काम ह्यांचं, असं ठरलं. पण कारखान्याचं गाळप सुरू झालंय, हे माळेगावलाच खोलीवर. फोनवर म्हणाले, "सुटी मिळाली की शिकवू. तवर पहिलं तरी चालू करा."
केलं चालू.

गुरु, १३ नोव्हें.
आधी वाढेल असं मॅडमनी बजावलं होतं, तसंच. जोरात चावते. मग माझ्या पाठीला डोकं लावून उभी राहिली, बराच वेळ. मी जाळ्या चढवत राहिले. काही पेरूंना दोन-दोन चढवल्या.
आबांनी मात्र मनावरच घेतलंय. वस्तीवर घरोघर सांगून आले, "पोरीकडं कुणी बघायचं न्हाय, बोलायचं न्हाय. मॅडमनी सांगितलंय." अबोल्याचा त्यांना सराव आहे. बांधावरून सख्ख्या भावाशी बोलत नाहीत, माझ्या लग्नाच्या आधीपासून. बायकापण लगेच तयार. औषधाच्या वेळा पाळणार नाहीत, पण अबोला धरा म्हटलं की आख्खी वस्ती पाळते.

मंगळ, १८ नोव्हें.
पेरूची गाडी लागली, बारामती राहिली. मॅडमना फोनवर रेघा सांगितल्या. निम्म्याहून कमी झाल्यात. "आणि हात ठेवायला शिकवताय ना?"
हो, चालू आहे, म्हटलं.

रवि, २३ नोव्हें.
काल एकही रेघ नाही. आजही नाही. हे आले, पेढे घेऊन. "बरी झाली म्हणा की."
ओ. उंबऱ्यात बसलेली. ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातात पेढा दिला तर तो तसाच धरून बसली. घर शांत. मला आनंद व्हायला हवा होता.

मंगळ, २५ नोव्हें.
आबाही बरोबर आले. मॅडमनी रेघांचा आलेख काढून बघितला. रेघ खाली खाली येत शून्याला टेकलेली. मग विचारलं, "आता तिला तुम्ही हव्या असलात की ती काय करते?"
काहीच करत नाही. परवा पडली, गुडघा फुटला, ते मला आंघोळ घालताना कळलं. अबोल्याचं आबांनीच सांगितलं, मी फोनवर खोटं बोलले तेही मग सांगून टाकलं. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "चावण्याकडे बघू नका म्हटलं होतं मी. बाकी सगळा दिवस तिच्याकडे बघायचं होतं."
बाहेर पायरीवर आबा थांबले. "आपुन पोरीला वाळीत टाकली व्हय गं?"
पाठीला डोकं लावलं होतं तिनं. तीही हाकच होती, आणि मी जाळ्या चढवत बसले. एसटीत खूप रडले. ओ. खिडकीबाहेर बघत होती.

बुध, २६ नोव्हें.
ह्यांच्या सुटीची वाट बघत नाही आता. मागची जागा आबांनी घेतली. गुडघे वाकत नाहीत, तरी खाली बसतात. तिचा हात धरून माझ्या दंडावर ठेवतात, मी वळते, "काय गं ओवी?" म्हणते, जवळ घेते. वस्तीवरही पुन्हा घरोघर जाऊन आले. "चुकलं आमचं. बोला तिच्याशी." लोक हसले म्हणे. आबांनी ऐकून घेतलं.

शनि, ६ डिसें.
आबा धरतात तोवर हात दंडावर. सोडला की खाली पडतो. मॅडम म्हणतात वेळ द्या.
ह्यांचा फोन. "चावत न्हाय ना?" नाही. "मग झालं की."
ह्यांना कसं सांगू? तिनं एकदा चावावं, असं येतं मनात. आईच्या मनात यावं का असलं?

बुध, १० डिसें.
सकाळी क्रेट भरताना आबांनी तिचा हात उचलला आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दंडाच्या अलीकडेच सोडला. मी पाठमोरी. हात काही लागला नाही. आबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.
मग ती क्रेटला वळसा घालून आली. माझ्या समोर उभी राहिली. हात खालीच. नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.
"काय गं ओवी?" म्हणाले, घट्ट धरलं. थोडा वेळ राहिली, मग सुटून गेली.
आबा मागून, "ही हाक धरायची का न्हाय?"
मंगळवारी विचारू म्हटलं.
जेवण झाल्यापासून क्रेटपाशीच बसलेय, मुद्दाम पाठ करून. अजून आली नाही.