शुक्रवारचा टाको

पुएब्ला, उपासाच्या चाळीस दिवसांतला दुसरा सोमवार

चि. ओबदुलियास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचले. आत टाकोच्या कडक मक्याच्या पोळ्यांचा डबा एक (नग बारा, पैकी शाबूत सात), मसाल्याची पुडी एक, लोकरी मोज्यांचा जोड एक. जकात एकशे दहा पेसो. माउलीच्या कृपेने आम्ही खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? बर्फात चपला घालून हिंडू नकोस.

डबा माझ्या लेकीला, आम्पारोला, मागणी घालणाऱ्या तुमच्या नॉर्वेच्या त्या तोरस्ताइनने पाठवला, हे कळल्यावर आमच्या ह्यांनी तो थेट आपल्या टाकोच्या गाडीवर नेला. गिऱ्हाइकांची चांगली करमणूक झाली. ‘‘निकानोरमामा, हे कौल खायचं, का घरावर घालायचं?’’ घरी येऊन हे म्हणतात, ‘‘ज्याच्या घरची पोळीसुद्धा वाकत नाही, त्या घरात पोरगी द्यायची? शिवाय टाकोत काकडी घालतो, असं चिठ्ठीत लिहितो.’’

मी म्हटले, अहो, उभ्या सळईवर मांस फिरवायला तुमच्या आजोबांना लेबनानहून आलेल्या उस्तादांनीच शिकवले ना? ते मेंढी लावत, तुम्ही डुक्कर लावलेत. त्यांच्या आईला काय वाटले असेल? सळई समुद्र ओलांडून आली, टाको समुद्र ओलांडून गेला. जिथे हिवाळ्यात दुपारीच दिवे लावतात, तिथली पोरेबाळे आठवडाभर आपल्या टाकोची वाट बघतात. माझा तर ऊर भरून आला. (ह्यांनी सुरीला धार लावायला घेतली, म्हणजे पटले.)

पण मग मी डब्यातली चिठ्ठी पुढे वाचली. ‘आमच्याकडे दर शुक्रवारी घरचे सगळे मिळून खिम्याचे टाको खातो.’ ओबदुलिया, शुक्रवारी खिमा. तोही उपासाच्या दिवसांत, जेव्हा शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा तेवढा चालतो. काकडी मी गिळली असती, शुक्रवार गिळवत नाही. पोरीला नवरा मिळेपर्यंत सरळ करायचे नाही, असे म्हणून तीन वर्षे मी देव्हाऱ्यात संत अंतोनींची मूर्ती उलटी, डोक्यावर उभी ठेवली आहे. त्यांनी नवरा दिला, आणि आता मी कोणत्या तोंडाने नको म्हणू?

तुझी थोरली,
एउलालिया

ता.क. काल हे गाडीमागे पाठ करून उभे होते. पाहते तर काकडी चिरताहेत. ‘‘शत्रूची चव बघतोय,’’ म्हणाले. सातातले दोन उरलेत. आणखी एक डबा पाठव, पण माझ्या नावाने.

ता.क. दुसरा. तुमच्या बंदरात मासळीला तोटा नाही. शुक्रवारी टाकोत मासा भरेल का, एवढेच तोरस्ताइनला विचार. हो म्हणाला तर माझा होकार. ह्यांचे मी बघते. उलट टपाली कळव, संत अजून डोक्यावरच उभे आहेत.