कणगीपाशी बसलेले आबा

१२ मे, सकाळी
काल पुण्याच्या डॉक्टरला दाखवून झालं. रत्नदीपने जबरदस्तीने नेलं, मुलगा ना! डॉक्टरने बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, मग विचारलं, वास येतो का? म्हटलं, तुमच्या पुण्यात वास घ्यावा असं आहे काय? हसला नाही. पार्किन्सन्सची सुरुवात म्हणे. हात थरथरतो तो जन्मभर खडू धरल्यामुळे. रिटायर्ड हेडमास्तरला एवढं कळतं. गोळ्या आणल्यात. वाटलं तर घेऊ.

१५ मे
अक्षर मुंगीएवढं झालंय, असं आमची ही, गौतमी, म्हणते. कागद काय फुकट येतो? बाईसाहेब दहा दिवस पुण्यात सूसला, रत्नदीपच्या फ्लॅटवर. मलाही कायमचं तिकडेच न्यायचं, असा मायलेकांचा बेत दिसतो. यंदा असा आंबेमोहर काढतो की विषयच संपला पाहिजे.

१६ मे
स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय चिकटले. फरशी नीट पुसत नाहीत.
बियाण्याच्या कणगीपाशी आबा बसले होते. वडील वारून बरीच वर्षं झाली, तरी तोच फेटा. कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की पुन्हा डॉक्टर.

१९ मे
पेरणीआधी बियाण्यातली मूठभर साळ कांडून शिजवायची, वास घ्यायचा, मगच कणगी उघडायची. आबांची पद्धत. 'घरचं बी मोडू नको' हे त्यांचं शेवटचं बोलणं.
शिजवला. वास नाही. पुन्हा शिजवला. ताट नाकाशी नेताना अर्धा भात सदऱ्यावर. वास नाही तो नाहीच. बियाणं बदललंय कुणीतरी! शेजारचा कैलास मळणीला होता. त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

२१ मे
निर्णय झाला. खोटं बी माझ्या वावरात जाणार नाही. सगळं गिरणीत भरडून आणायचं, खाऊन टाकायचं. आबांना विचारलं. त्यांनी मान डोलावली.
कैलास टेम्पो घेऊन आला, पण पोत्याला हात लावेना. म्हणाला, "गुरुजी, बियाणं हाय ह्ये. एकदा भरडलं की उगवायचं न्हाई." घाबरला, म्हणजे तोच. उभं राहून पोती चढवून घेतली.

२५ मे
गौतमी परतली. भरडून आणलेला तांदूळ शिजायला टाकला. मी बाहेर पेपर वाचत होतो. पलीकडच्या गंगूबाई विचारत आल्या, आज काय विशेष, आंबेमोहर शिजतोय ते? मग आणखी कोणी आलं. गौतमी म्हणाली, "अख्ख्या आळीत घमघमाट सुटलाय. तुमाला येत न्हाई व्हय?"
म्हटलं, येतो की.
तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग रिकाम्या कणगीत वाकून पाहिलं. तिथेच खाली बसली, आबांच्या जागेवर. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी दोन वेळा भात मागून घेतला आणि छान झालाय म्हणालो.

२६ मे, सकाळी
कैलासची माफी मागायला निघालो. दारापर्यंत गेलो.
आबा आज कणगीपाशी नव्हते. दारात उभे होते. त्यांनी मूठ उघडून माझ्या नाकापुढे धरली. मूठभर साळ. पाय उचलेनात. भीती वाटली, फार वाटली.
गौतमीला हाक मारली, दारात आबा आहेत म्हणून सांगितलं. म्हणाली, दारात कुणी न्हाई, मी धरते, पाय टाका. टाकता आला नाही. कैलास समोरून चालला होता, त्याला हाक मारायचंही राहिलं.
तिने गोळी आणून दिली. घेतली.