बाहेरची कडी

सोमवार, ४ मार्च

पोहोचलो एकदाचे. मी, ठोंब्या आणि राणीसाहेब. विमानतळावर माझी बॅग सगळ्यात आधी आली आणि ही दोघं सगळ्यात शेवटी. पिंजऱ्यातून सुटताच ठोंब्याने पहिल्याच खांबाशी तंगडी वर केली. फरशी पुसणारी बाई रागावेल असं वाटलं, पण ती हसून म्हणाली, झाला हा इथला रहिवासी. राणीसाहेब पाठ करून बसल्या होत्या. ही पांढरीशुभ्र मांजर जन्मापासून ठार बहिरी आहे, त्यामुळे विमानाच्या घरघरीचा तरी तिला त्रास झाला नसेल.

भावोजी गाडी घेऊन आले होते. म्हणाले, काय मेहुणीबाई, लग्नात तुमच्या ताईनेसुद्धा एवढं सामान आणलं नव्हतं! तिचा विषय त्यांच्या तोंडून इतक्या सहज निघाला, याचं मला बरं वाटलं.

उकाडा फार आहे. आल्या आल्या धुतलेली ओढणी अजून वाळलेली नाही आणि अंग कोरडंच होत नाही. घर मात्र छान आहे. बैठं, हिरव्या दारांचं, मागे छोटं अंगण. ताई इथे यायच्या आधी सगळं नव्याने रंगवून घेतलं होतं, असं भावोजी म्हणाले. कुत्रा आणि मांजर खरं तर ताईचीच. परवाने मिळाले की तिने त्यांना बोलावून घ्यायचं असं ठरलं होतं. परवाने आले त्याआधीच ती गेली. तापाने, असं भावोजींनी फोनवर सांगितलं. आमच्या हाती फक्त अस्थी आल्या. भावोजींनी त्यांच्याच कारखान्यात नोकरी सुचवली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. हवापालट होईल, असं बाबांना सांगितलं. खरं म्हणजे ताई कशी गेली ते मला कळायला हवं. त्याशिवाय मी परत जाणार नाही.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी विलगीकरणाच्या कचेरीतला तपासनीस आला. दोघांचे दात, कान, कातडी बघितली. राणीसाहेबांनी त्याला ओरबाडलं, तर म्हणाला, तब्येत उत्तम आहे. नियम असा, की काही आठवडे दोघांना एकाच बंद खोलीत ठेवायचं, अंगणातही सोडायचं नाही. भावोजींनी मागची कोठीची खोली दिली. खिडकी नाही, वर एक झरोका आहे. एक पंखा लावून दिला. घरातल्या सगळ्या दारांना कड्या आतून आहेत, फक्त या एका दाराला बाहेरून. भावोजी म्हणाले, मुद्दाम यांच्यासाठीच गेल्या आठवड्यात बसवली.

उंबऱ्याशी ठोंब्याने पाय रोवले. भावोजी म्हणाले, होईल सवय, सगळ्यांना होते.

शुक्रवार, ८ मार्च

कामाला लागले. फळं डबाबंद करण्याचा कारखाना आहे. प्रयोगशाळेत माझं काम म्हणजे प्रत्येक घाण्यातला एकेक डबा उघडून रस तपासायचा. माझी साहेबीण बोलकी आहे. म्हणाली, महिनाभरात तुला गोड पदार्थाची शिसारी येईल, मग वजन आपोआप उतरेल. भावोजी इथे पाळीप्रमुख आहेत. सगळे त्यांना मान देतात.

घरी आल्यावर कोठीत जाऊन बसते. ठोंब्या आज उठून आला नाही. दाराच्या मागच्या कोपऱ्याकडे बघत पडला होता आणि शेपूट जमिनीवर आपटत होता, सावकाश. तसं तो फक्त ताईसाठी करायचा.

मंगळवार, १२ मार्च

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाचल्यावर खुळेपणा वाटेल.

राणीसाहेब ऐकतात.

मी तिच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, ताटली आपटली. कान हलला नाही. पण त्यानंतर तिने दाराच्या कोपऱ्याकडे मान वळवली, दोन्ही कान पुढे केले, आणि कुणी काही सांगत असावं तशी बराच वेळ बसून राहिली. मधेच डोळे मिटले. ठोंब्यानेही त्याच वेळी तिकडे बघितलं.

खोलीत मला काहीच ऐकू आलं नाही.

शनिवार, १६ मार्च

सुट्टी होती. कोठीचं दार पुसायला घेतलं. कडीवर हिरवा रंग आहे. दाराचा रंग कडीवरून, स्क्रूंवरून सलग ओघळलेला आहे. म्हणजे घर रंगवलं तेव्हाच ती तिथे होती. ताई यायच्या आधी.

संध्याकाळी शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे गेले, फाटलेली पिशवी शिवून घ्यायचं निमित्त करून. त्या मशीन थांबवून माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, तू अगदी तिच्यासारखी दिसतेस गं. मग म्हणाल्या, फार गुणी पोर, पण दिवस दिवस दार वाजवत बसायची. तुझे भावोजी म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय, घरी जायचं खूळ घेतलंय, आमची कुत्री-मांजरं तिकडे आहेत म्हणते. मग एक दिवस वाजणं बंद झालं. मला वाटलं, बरी झाली.

पिशवी तिथेच विसरून आले.

मंगळवार, १९ मार्च

भावोजींना विचारलं. म्हणाले, ती शिवणवाली कपडे कमी आणि अफवा जास्त शिवते, तिच्या नादी लागू नका मेहुणीबाई. आणि हसले.

त्यांच्या ताटात पांढरे केस निघाले. काल बुटात होते. आज सकाळी उशीवर, डोकं ठेवतात तिथे, वळून ठेवल्यासारखे. कोठीला कडी होती, आणि राणीसाहेब आतच होत्या. भावोजींनी माझ्यावर आवाज चढवला, जनावरं नीट बांधता येत नाहीत का? मी खाली मान घालून हो म्हटलं.

मनातून बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

गुरुवार, २१ मार्च

भावोजी खोकत आहेत. घशात काहीतरी अडकलंय म्हणतात. बोटं घालून केस काढतात, पांढरे, लांब, ओले. राणीसाहेबांचे केस इतके लांब नाहीत. ताईचे होते, पण काळे होते. शेवटी शेवटी कसे झाले होते कोण जाणे.

ठोंब्या त्यांच्यावरून नजर काढत नाही. भुंकत नाही, गुरगुरत नाही. नुसता बघतो. ते म्हणाले, शनिवारी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलंय, दोघांना इंजेक्शन देऊन मोकळं करू, तुमच्याही जिवाला आराम.

मी कोठीत जाऊन कोपऱ्याला सांगितलं. मोठ्याने. राणीसाहेबांनी तिकडे कान केले. उत्तर आलं असावं.

शनिवार, २३ मार्च. सकाळी

भावोजी साखळी घेऊन कोठीत शिरले. डॉक्टर यायच्या आत ठोंब्याला बांधायचं म्हणाले. ठोंब्या उठला, त्यांच्या बाजूने शांतपणे चालत बाहेर आला, हाक मारल्यासारखा. मागून राणीसाहेब. दोघं दाराच्या दोन बाजूंना बसली.

कडी मी लावली. कुणी माझा हात धरला नव्हता. मीच लावली. पंख्याचं बटण बाहेर आहे, तेही बंद केलं.

डॉक्टर आले, त्यांना सांगितलं, भावोजी घरी नाहीत, परत जा.

दुपारी

दार वाजतंय. आधी हसून, मेहुणीबाई, चेष्टा पुरे. मग शिव्या. मग पाणी मागितलं. मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय. आमची ताई अशीच वाजवत असेल —

बोलले. सगळं बोलले. तिला परत जायचं होतं. सवय होईपर्यंत कोंडत होतो, म्हणाले. कामाला जाताना कोंडायचो, आल्यावर काढायचो. त्या दिवशी वीज गेली होती, पाळी वाढली, मुक्काम कारखान्यातच पडला. मारायचं नव्हतं, म्हणाले. ताप सांगितला, कारण अंग तापलेलंच होतं.

ऐकलं. हवं होतं ते मिळालं. रडू आलं नाही.

आता उघडते. पोलिसांना सांगेन. मला आणखी काही नको —

नंतर

निघत नाही. तेल घातलं. हातोडीने ठोकलं. कडी सैल आहे, हलते, पण उघडायला सरकवली की परत जागेवर बसते. मी हात लावला की ठोंब्या गुरगुरतो. माझ्यावर. जन्मात कधी —

ताई, पुरे. बोलला ना तो. ऐकलं ना आपण.

राणीसाहेब आता बंद दाराकडे बघतात. कान पुढे. शेपटी हलत नाही.

शिवणवाल्या बाईंना हाक मारली. मशीन चालू आहे. ऐकू जात नाही —

भावोजींचा आवाज बसला. म्हणतात, केस सोड, दुखतंय. म्हणतात, तू आत कशी आलीस?

मी ओरडले, मी बाहेर आहे, भावोजी, मी बाहेरच आहे, कडी निघत नाही —

ते म्हणतात, तुम्हाला नाही हो मेहुणीबाई, हिला —