पायाळूची टाच

मंगळवार, डोंबिवली

सकाळी सासूबाईंनी पाण्याची कळशी तिरकं वाकून उचलली आणि त्यांच्या कंबरेत उसण भरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फळीवर झोपा म्हणाले. संध्याकाळी मी वागळे इस्टेटहून कामावरून येते, तर त्या चटईवर पालथ्या.

"तू पायाळू ना गं? मार लाथ."

मी पायांकडून जन्मले, म्हणून अख्खी चाळ उसण उतरवायला माझ्याकडे येते. पण सासूला लाथ? मनातल्या मनात कितीदा मारली असेल... जाऊ दे. आज हक्काने मारायची तर पाय उचलेना. टाच जेमतेम टेकवली.

"फुलं वाहतेस काय? जोर लाव!"

तीनदा लावला आणि लगेच वाकून नमस्कार केला. त्या उठल्या आणि चटई गुंडाळायला लागल्या. गुण टाचेचा की गोळीचा, कोण जाणे.

जेवणं झाल्यावर त्यांनी कोकमतेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "टाचा किती फुटल्यात तुझ्या. पाठीला टोचल्या मला."

आता तेल लावून बसलेय. इतकी वर्षं या घरात वावरतेय, पण माझ्या टाचा कधी कुणाला दिसल्या नव्हत्या. ह्यांनासुद्धा नाही.