डोक्यातला पंखा

६ मे २०१३, सोमवार
देवरीहून आलेल्या बसमधून फाट्यावर उतरले आणि समोर टेकडीवर पवनचक्क्या दिसल्या. अकरा, पांढऱ्याशुभ्र, सावकाश फिरणाऱ्या. इथे सगळे त्यांना पंखेच म्हणतात. पायथ्याच्या टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, पंख्यांच्या कंपनीने दवाखान्याची खोली दिली आहे. नर्स मी एकटीच. राहायला देवकाबाईंकडे. त्यांचे यजमान बकारामभाऊ अंगणात तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसले होते. देवकाबाईंनी माझ्यासाठी खाट धुऊन वाळवली होती, आल्याआल्या पन्हं दिलं. आमच्या गावापेक्षा, फुलचूरपेक्षा, इथली हवा कितीतरी मोकळी. आवडलं मला.

९ मे
तीन दिवसांत एकतीस माणसं तपासली. तक्रार एकच: झोप नाही, कानात सतत घूंऽ चालतं. शेजारच्या सुशिलाबाई सांगत होत्या, कोंबड्या स्वतःचीच अंडी फोडून राहिल्या. पंख्यांचे इंजिनीअर लोकेंद्रसाहेब म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, रजिस्टरमध्ये 'थकवा' लिहा. लिहिला. नवी नोकरी आहे.

१३ मे
सकाळी बकारामभाऊंनी आपला बैल मारला. पाणी पाजता पाजता कुऱ्हाड उचलली आणि कपाळावर घातली. तो खाली बसला तरी घालतच राहिले. मी धावत गेले. तोंडावर रक्त उडालेलं, पण चेहरा अगदी शांत.
"त्याच्या डोक्स्यात पंखा फिरून रायला होता, नर्सबाई. बंद केला."
देवकाबाई ओरडल्या नाहीत. अंगण सारवायला शेण कालवू लागल्या.

१५ मे
बकारामभाऊंच्या पुतण्याने, हिरालालने, दोन्ही कानांत खिळे ठोकून घेतले. मी काढले. माझे हात कोपरापर्यंत रक्ताने भरले. तो हसून म्हणाला, आता तर जास्तच ऐकू येते.
लोकेंद्रसाहेबांना हात जोडले, पंखे थांबवा. ते म्हणाले, वारा पडला आहे, परवापासून एकही फिरलेला नाही.
बाहेर येऊन पाहिलं. अकराही स्तब्ध.
आणि घूंऽ चालूच. माझ्याही कानात.

१६ मे
लोकेंद्रसाहेबांना मारलं. भर दुपारी, चौकात. सगळ्यांनी मिळून. कुणी शिवी दिली नाही, ओरडलं नाही. सुशिलाबाईंनी वरवंटा आणला होता. नंतर एकेक जण वाकून त्यांच्या फुटलेल्या डोक्याला कान लावून पाहत होता—बंद झालं का.
फोन लागत नाही. उद्याच्या बसने निघते.

१७ मे
रस्त्यावर झाडं पाडून टाकलीत. बस नाही. दवाखान्यात कोंडून घेतलं आहे.
दुपारचे दोन. एका घरातून घावांचा आवाज—मग शांत. मग पुढचं घर—

देवकाबाई दाराशी. किती मायेने बोलतात.
"उघड वो माय. लय तरास होऊन रायला ना तुले? एकाच घावात बंद करतो."

उघडणार नाही.

घूंऽ वाढलं. दात हलतात. डोळ्यांमागे काहीतरी गरगर—ओळ सरळ येत नाही—

अजून बोलावताहेत. हळूच. बंद होईल म्हणतात. खरंच बंद—

नाही. मी खाटेवर बसले आहे. खाटेवर—नाही, उभी आहे. दाराशी. कडीवर हा कुणाचा हात—