चाळीसचं कुलूप

मंगळवार, १ जुलै

शेवटी शिवानं गाडीला चाळीसचं कुलूप घातलं. समोरच्या पडद्यावर बोटं फिरवली, पिन टाकला — झालं! आता बापानं कितीही पाय दाबला तरी गाडी चाळीसच्या पुढे पळणार नाही. हे तेव्हा आंघोळीला गेले होते. आम्ही मायलेकांनी चोरासारखं काम उरकलं.

करणं भागच होतं. काल नातीला शाळेत सोडताना गंगावेशीत ह्यांनी एका दूधवाल्याच्या सायकलला धक्का दिला. किटल्या आडव्या, दूध रस्त्यावर. माणूस वाचला म्हणून बरं. तो दारात येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेला. हे म्हणतात, त्यो आडवा आला. आडवा कसला? तो डावीकडे कडेला उभा होता!

आणि आमची तेजस्वी, आठ वर्षांची नात, रोज ह्यांच्या शेजारी बसून शाळेला जाते. ही विजेची गाडी म्हणजे आवाज नाही, काही नाही, जरा पाय पडला की उडी मारते. ह्यांचा पाय एसटीच्या जड पेडलला सरावलेला. कुलूप घातल्यावर शिवाला हायसं वाटलं. मला नाही वाटलं.

शुक्रवार, ४ जुलै

कळायचं ते कळलंच. हे सकाळी कागलच्या रस्त्याला गेले होते, हायवेवर गाडी चाळीसला अडली आणि मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून दमले. घरी आले ते लालबुंद. "गाडीचा दम गेलाय," म्हणाले.

शिवा ऑफिसात. मी काय बोलणार? समोरच्या धोंडुबाई म्हणाल्या, नवी गाडी हाय, दृष्ट लागली असंल. मी मुकाट्यानं मीठ-मोहऱ्या-मिरच्या आणल्या आणि गाडीवरून ओवाळल्या. ह्यांनी बॉनेटला विभूतीचे तीन पट्टे ओढले. मी शेजारी हात जोडून उभी! कुलूप घातलं मी आणि दृष्टही काढली मीच. हसावं की रडावं कळेना.

संध्याकाळी शिवानं थाप मारली की कंपनीनंच नव्या नियमानं गाडी चाळीसवर आणलीय, गाव सोडून बाहेर न्यायची नाही. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि जेवायला बसले. एवढ्या लवकर गप्प बसणारा हा माणूस नव्हे.

मंगळवार, ८ जुलै

खरं सांगायचं तर हे चाळीसचं कुलूप चांगली गोष्ट आहे. गावात चाळीसच्या वर जायला रस्ता आहे कुठे? पेठेतल्या बोळातून पोरं फुटबॉल घेऊन पळतात, बिंदू चौकात हातगाड्या, दसरा चौकात सगळेच घाईत. तेजस्वी शाळेत पूर्वीच्याच वेळेला पोचते. कुणाच्या पुढे जायची खुमखुमी नाही, शिव्या नाहीत. सगळ्याच गाड्यांना बसवायला पाहिजे हे.

पण चाळीसनं लेकरू मरत नाही व्हय? हे मी कुणाला विचारू?

बुधवार, ९ जुलै

आज पुन्हा ह्यांचा दाराच्या चौकटीला खांदा आपटला. डावाच.

शुक्रवार, ११ जुलै

माझी खात्री झाली आहे. ताटात डावीकडे वाढलेली चटणी ह्यांना दिसत नाही. मी मुद्दाम वाढते आणि बघते. दुपारी मागितली — "चटणी न्हाई व्हय आज?" ताटातच होती!

डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं मागच्या महिन्यात. नंबर लागायच्या आधीच उठून आले. बसवराज ड्रायव्हर म्हणजे एसटी डेपोत ह्यांचं नाव होतं. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. त्या बिल्ल्यापुढे माझं काय चालणार!

पवित्राला म्हटलं, गाडी बंद करूया. ती सून माझी गुणाची आहे, पण तिलाही सकाळी आठला बँक गाठायची असते. म्हणाली, "आत्या, मामांना कोण सांगणार? आणि आता चाळीस हाय की." शिवाचंही तेच. चाळीस हाय की! आमच्या घरात जे बोलायला पाहिजे ते कुणीच बोलत नाही, म्हणून आम्ही यंत्राला बोलायला लावलंय. ते बिचारं आपलं काम करतंय. माणसं करत नाहीत.

मी तरी कुठे करते?

सोमवार, १४ जुलै

आजचं सगळं लिहून ठेवते.

आज मी पण गाडीत बसले, मागे. देवळात सोडा, असं मीच ह्यांना म्हटलं. खरं तर ह्यांचं चालवणं बघायचं होतं. पेठ ओलांडेपर्यंत सगळं ठीक. तेजस्वीची आपली बडबड चालू — अज्जा, डावीकडं सायकल. अज्जा, बाई चाललीय. अज्जा, रिक्षा. मला वाटलं पोरगी खेळतेय.

दसरा चौकाच्या अलीकडे तिला शेजारच्या रिक्षात वर्गातली मैत्रीण दिसली. ती मान वळवून हात हलवायला लागली आणि बोलायची थांबली. आणि गाडीही थांबली! भर रस्त्यात. मागे हॉर्नचा कल्ला. हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेले, नजर समोर. मग अगदी हळू म्हणाले, "बोल की बाळ."

ती म्हणाली, "कोण न्हाई अज्जा, चला."

गाडी चालू लागली.

मला देऊळ कुठलं आणि काय! तेजस्वी शाळेत गेली. मी मागेच बसून होते. हे म्हणाले, "पुढं ये. आता तू सांग." मी पुढे बसले. सांगत आले. डावीकडे हातगाडी. डावीकडे कुत्रं. डावीकडे भिंत हाय हो, भिंत! घरापर्यंत माझ्या घशाला कोरड पडली. एवढीशी पोर हे रोज करते.

मंगळवार, १५ जुलै

विचारलं. डावीकडचं कधीपासून दिसत नाही? दिवाळीपासून, म्हणाले. मग लेकराला का घालता त्यात? म्हणाले, "मी सोडली गाडी की पोरीला रिक्षात घालतील. दिवसभरात तेवढीच माझ्या वाट्याला येती गं."

आणि म्हणाले, चाळीस शिवानं केलंय ते मला हायवेवरच कळलं हुतं. बरं केलं त्यानं. माझं मला कमी करायला जमलं नसतं.

मग दृष्ट कशाला काढू दिलीत मला? तर म्हणे, तू एवढी मनापासनं काढत हुतीस.

मी खूप रडले. राग आणि माया एकाच वेळी आली की माणसानं काय करायचं? शिवाला सांगायला पाहिजे. आजच. पण ह्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, हा महिनाभर तरी राहू दे. मी हो म्हणाले. अक्कल गहाण टाकली मी!

बुधवार, १६ जुलै

रोज पुढे बसून जाते आता. तेजस्वी मागे बसते, तरी तिचं सांगणं थांबत नाही. दोघी मिळून सांगतो.

गुरुवार, १७ जुलै

बिनखांबी गणेशापाशी एक बाई भाजीची पिशवी घेऊन डावीकडून रस्त्यावर उतरली. मी मागे वळून तेजस्वीचं दप्तर नीट करत होते. एक क्षण! पोरगी किंचाळली आणि ह्यांनी ब्रेक मारला. गाडी बाईच्या पदराला लागून थांबली. टोमॅटो चाकाखाली. ती बाई घाबरून मटकन खाली बसली.

गाडी हळू होती म्हणून थांबली. कुलूप नसतं तर आज मी हे लिहीत नसते, कुठल्या तरी पोलीस चौकीत बसले असते. ह्यांनी उतरून बाईची भाजी गोळा केली. डावीकडे पडलेली वांगी तिथेच राहिली. मी ती उचलली.

हे परमेश्वरा, माझ्या तोंडाला कुलूप कुणी घातलंय?

शनिवार, १९ जुलै

शिवाला नाही सांगितलं. आजही नाही.

रविवार, २० जुलै

सगळे नाश्त्याला बसलो होतो. शिवा खुशीत. म्हणाला, बाबा एकदम झकास चालवताहेत आता, कुणाची तक्रार नाही. उगाच शिक्षा कशाला? "साठ करून टाकू का, आई?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या जरा बाजूला बघितलं.

मी म्हणाले, "शून्य कर."

हे मान खाली घालून बसले. तेजस्वीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ती मोठ्यानं म्हणाली, "पण अज्जी, मी दूधवाल्याच्या येळंला एकदाच चुकले की!"